सरकार म्हणजे कोण, कशासाठी आणि कुठवर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाजाराच्या दिवशी तहसील कचेरीसमोरच्या झाडाखाली मी अर्ज लिहून द्यायला बसतो. नोकरीत असताना नागरिकशास्त्र शिकवलं, म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटीला जोडलेला आणि परीक्षेच्या आदल्या रात्री उरकायचा विषय. निवृत्तीनंतर कळलं की त्या विषयातले खरे प्रश्न वर्गात कुणी विचारतच नव्हतं. ते इथे विचारले जातात, अर्जाचा कागद अर्धा लिहून झाल्यावर. परत परत आलेले प्रश्न आणि मी देतो ती उत्तरं खाली लिहिली आहेत.

सरकार म्हणजे नेमकं कोण? तलाठी, आमदार की मुख्यमंत्री?

बोलताना आपण तिघांनाही सरकार म्हणतो आणि तिथूनच घोळ सुरू होतो. राज्यघटनेच्या भाषेत राज्याचं सरकार म्हणजे मुख्यमंत्री आणि त्यांचं मंत्रिमंडळ. कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो, पण मंत्रिमंडळाला जाब द्यावा लागतो तो विधानसभेला. आमदार हा सरकार नसतो, तो सरकारला धरणारा किंवा पाडणारा असतो. सत्ताधारी पक्षाचा आमदारसुद्धा मंत्री नसेल तर सरकार नव्हे, हे खुद्द काही आमदारांच्याही लक्षात राहत नाही. तलाठी, तहसीलदार, पोलीस पाटील, मंत्रालयातले सचिव, हे सगळं प्रशासन. सरकार बदलतं, प्रशासन राहतं.

शब्दही पाहण्यासारखे आहेत. 'सरकार' फारसीतून आला. 'शासन' संस्कृतातला. मराठीत 'शासन करणे' म्हणजे शिक्षा करणे असाही अर्थ आहे. म्हणजे ज्याच्या हातात छडी आहे त्याचंच नाव आपण जीआरच्या मथळ्यावर छापतो. त्यावर 'मायबाप सरकार' हा तिसरा शब्दप्रयोग आपण स्वतःहून चिकटवला. त्याच्याविषयी शेवटी बोलू.

मग २०१९ मध्ये सरकार नव्हतं तेव्हा एसटी कशी धावत होती?

हा प्रश्न एका कंडक्टरनेच विचारला होता, म्हणून मला फार आवडतो. १२ नोव्हेंबर २०१९ पासून २३ नोव्हेंबरच्या पहाटेपर्यंत महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट होती. त्याआधी १९८० मध्ये आणि २०१४ मध्येही लागली होती. त्या दिवसांत मंत्री नव्हते, पण कोषागारातून पगार निघत होते, दवाखाने उघडे होते, सातबारे मिळत होते.

कारण राज्य ही संस्था कायमची असते आणि सरकार म्हणजे तिचे त्या त्या वेळचे कारभारी. देवस्थानचे विश्वस्त बदलले म्हणून काकड आरती थांबत नाही, तसंच हे. थांबतं काय, तर नवे निर्णय. नवी योजना, नवा कायदा, धोरणातला बदल यासाठी जाब देणारं कुणीतरी लागतं. सचिव फाइल चालवू शकतो, पण ती फाइल कुठे न्यायची हे ठरवण्याचा कौल त्याने कुणाकडे मागितलेला नसतो.

पण सरकार हवंच कशाला? पूर्वी गावं आपली आपण चालत नव्हती का?

चालत होती. आणि कशी चालत होती ते नीट पाहिलं की सरकार का लागतं तेही कळतं.

गोव्यातली खाजन शेती बघा. खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवायचं, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, झडपांनी भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर करायचं आणि खाऱ्या जमिनीत भात पिकवायचं. हा बांध एकट्या शेतकऱ्याला घालता येत नाही आणि राखताही येत नाही. एका जागी खेकड्याने भोक पाडलं आणि कुणी लक्ष दिलं नाही, तर सगळ्यांचीच शेतं खारट होतात. म्हणून गावकऱ्यांची संस्था उभी राहिली, गांवकारी. ती शेतं लिलावाने लावी, बांध राखायला माणसं नेमी, देवळाचा खर्च चालवी, उरलं ते वाटून घेई. पोर्तुगीज आले तेव्हा हा कारभार जुना झालेला होता. १५२६ मध्ये त्यांनी तिथले रिवाज लिहून काढले आणि पुढे त्या संस्थेला 'कोमुनिदाद' हे नाव रूढ झालं. आपल्याकडे धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत होती. बंधाऱ्याचं पाणी कोणत्या फडाला, म्हणजे शेतांच्या कोणत्या गटाला, कधी, हे शेतकरी मिळून ठरवत आणि पाटकरी पाणी देई. पाटकऱ्याने दिलं तेवढंच पाणी घ्यायचं, मग शेत कितीही मोठं असो.

म्हणजे राजा, दिल्ली, मुंबई काही नसतानाही सरकारची तीन कामं होतीच. सगळ्यांच्या उपयोगाची पण एकट्याच्या आवाक्याबाहेरची गोष्ट उभी करणं, तिच्यासाठी प्रत्येकाकडून वाटा घेणं, आणि वाटा चुकवणाऱ्याला वठणीवर आणणं. 'माझं शेत उंचावर आहे, मी बांधाचे पैसे देणार नाही' असं म्हणणारा एक तरी प्रत्येक गावात निघतो. त्याला समजावून भागलं असतं तर सरकार लागलंच नसतं.

आता दुसरी बाजू. गांवकारीत बसायचा हक्क मूळच्या गांवकार घराण्यांतल्या पुरुषांना. बायका, नंतर येऊन राहिलेले, खालच्या मानलेल्या जातींचे लोक बाहेर. आपल्या गावगाड्याची कथा वेगळी नव्हती, पाणवठा कुणाचा आणि कुणाचा नाही हे तिथेही 'आपलं आपण'च ठरत होतं. म्हणून जुन्या गावाच्या आठवणीने कुणी गहिवरून बोलू लागलं की मी हळूच विचारतो, तुमचं घर गावाच्या कोणत्या बाजूला होतं?

वाटा घेणं आणि चुकवणाऱ्याला वठणीवर आणणं तर गावगुंडही करतो. मग फरक काय?

फरक ठेवला तरच असतो. तो आपोआप येत नाही.

सरकारकडे जबरदस्तीचा अधिकार असतो हे आधी सरळ कबूल करू. ते तुमच्याकडून पैसे घेऊ शकतं, जमीन घेऊ शकतं, तुम्हाला कोठडीत टाकू शकतं. दुसऱ्या कुणी हेच केलं तर तो गुन्हा. फरक पाडतात ते या अधिकाराला घातलेले लगाम. कायद्याने अधिकार दिल्याशिवाय कोणताही कर लावता येत नाही, हा घटनेचा अनुच्छेद २६५. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं, हा अनुच्छेद २२. कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही, तो ३००-अ. खंडणी घेणारा पावती देत नाही आणि त्याच्यावर अपीलही करता येत नाही.

ही जाण आपल्याकडे घटनेच्या पुष्कळ आधीची आहे. चिपळूणजवळ छावणी केलेल्या आपल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्याची बेगमी आत्ताच उधळलीत तर पुढे तुम्ही कुणब्यांच्या घरी दाणे, गवत, लाकूडफाटा, भाजी ओरबाडायला जाल, मग त्या लोकांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय. जे हवं ते बाजारातून विकत आणा, अशी आज्ञा. राजाने शत्रूला बजावणं नवीन नव्हतं. इथे त्याने स्वतःच्या हत्यारबंद माणसांना बजावलं. कुंपणानेच शेत खाऊ नये, हा धाक कुंपणाला घालणारा राजा विरळा. पण त्या काळी हा धाक एका माणसाच्या शहाणपणावर उभा होता. तो कागदावर आणून कुणी का गादीवर बसेना त्याला लागू करायचा, ही आजच्या घटनेची खटपट.

याच्या उलट उदाहरण साताऱ्याचं. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीचाही बराचसा भाग धरून, क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या साथीदारांचं प्रतिसरकार चाललं. लोकांनी त्याला पत्री सरकार म्हटलं. कायदेशीर सरकार इंग्रजांचं, पण लोक भांडणं घेऊन यायचे ते यांच्याकडे. दरोडेखोरांचा बंदोबस्त, सावकारांना लगाम, तंटे सोडवणं, कमी खर्चात लग्नं लावणं, अशी कामं झाली. शिक्षा कडक होत्या. तळपायावर मार देण्याची गोष्ट तर दंतकथाच होऊन बसली. शिक्का एकाकडे आणि मान्यता दुसऱ्याकडे, असा हा प्रसंग. नुसत्या शिक्क्यावर सरकार फार दिवस चालत नाही.

सरकारने रस्ते, पोलीस आणि कोर्ट एवढंच बघावं. शाळा, दवाखाने कशाला?

हा वाद जुना आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं त्यात हाच हिशेब मांडला होता. सरकारी तिजोरीत पैसा येतो तो मुख्यतः रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे. म्हणून आधी प्राथमिक शिक्षण सर्वांना द्या. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंडही ठेवला. देशभर हा मूलभूत हक्क म्हणून लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडला. फुल्यांच्या मागणीपासून १२८ वर्षं! सरकारने काय करावं याची यादी कशी वाढत जाते ते इथे दिसतं. आधी कुणीतरी एकटा ओरडतो, मग एखादा कारभारी ऐकतो, आणि फार उशिरा त्याचा कायदा होतो.

तुम्ही म्हणाल, खाजगी शाळा आहेतच की. आहेत, जिथे फी भरणारे आहेत तिथे. डोंगरातल्या पंधरा पोरांच्या वाडीवर शाळा काढायला कुणी कंपनी येत नाही. एसटीचंही तेच. १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर यांच्यामध्ये पहिली गाडी धावली, तेव्हापासून नफ्याच्या मार्गांवर खाजगीवाल्यांची गर्दी आणि मुक्कामाची गाडी मात्र एसटीची. ती तोट्यात जाते म्हणून तिला नावं ठेवताना हेही मोजायला हवं.

दुष्काळात मदत मिळते ती सरकारची मेहेरबानी की आमचा हक्क?

या उत्तराला थोडा वेळ द्या, कारण सरकार कशासाठी असतं याचं महाराष्ट्राने दिलेलं सगळ्यात चांगलं उत्तर इथे आहे.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना मदत म्हणून वाटलेला सुकडी नावाचा कोरडा खाऊ आठवतो, मिलो नावाची लाल ज्वारी आठवते, आणि खडी फोडायला गेलेली आई आठवते. त्याआधीही दुष्काळी कामं निघत, इंग्रजांच्या काळातही निघत. पण ती काढायची की नाही हे वरचा साहेब ठरवी. काम मिळालं तर उपकार, नाही मिळालं तर नशीब.

वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला १९६५ च्या सुमारास त्यांच्या कल्पनेतून एक प्रयोग झाला होता, गावात काम मागणाऱ्याला काम देण्याचा. दुष्काळात त्या कल्पनेला राज्यभर वाव मिळाला आणि रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. 'मागेल त्याला काम' या तीन शब्दांनी नातं उलटं केलं. आता साहेबाने काम काढायचं की नाही हा प्रश्नच नाही. मजुराने मागायचं आणि सरकारने द्यायचं, नाही देता आलं तर भत्ता द्यायचा. पुढे २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या मुळाशी हाच अनुभव होता.

आता यातली कुणाला फारशी ठाऊक नसलेली गंमत. या हमीला पैसा कुठून आला? महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला तो रोजगार हमीसाठी. मुंबई-पुण्यातल्या नोकरदाराने आपली पगाराची स्लिप काढून पाहावी. महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतील, वर्षाचे २५००. याहून जास्त व्यवसाय कर घ्यायला घटनेचीच मनाई आहे, म्हणून फेब्रुवारीतला तो चमत्कारिक आकडा. कायद्याने हा पैसा रोजगार हमी निधीकडे जायचा आणि राज्याने आपल्या खिशातून तेवढीच भर घालायची. म्हणजे नरिमन पॉइंटच्या कचेरीतला कारकून आणि माणदेशात पाझर तलावावर माती वाहणारी बाई यांच्यामध्ये एक दोरी बांधली गेली. दोघं एकमेकांना कधी भेटले नाहीत. ती दोरी धरून उभं राहायचं काम सरकारचं.

योजनेत भानगडी झाल्या का? भरपूर. खोट्या हजेऱ्या, मेलेल्या माणसांची नावं, अर्धवट विहिरी, काय वाट्टेल ते. पण खोटी हजेरी लावली म्हणून तक्रार करता येते ती हजेरीपट असतो म्हणूनच. मेहेरबानीला हजेरीपट नसतो.

मी आयकर भरत नाही. मग मला विचारायचा काय हक्क?

काडेपेटी विकत घेता ना? बिस्किटचा पुडा? मग कर भरता. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू आहे आणि तो दुकानात वस्तूच्या किमतीतूनच घेतला जातो. शिवाय हा प्रश्नच उलटा आहे. जाब विचारायचा हक्क मतदाराचा, करदात्याचा नव्हे. एक रुपयाही कर न देणाऱ्या म्हातारीचं मत उद्योगपतीच्या मताएवढंच धरलं जातं, हा या देशातला एकमेव तराजू आहे जिथे पासंग चालत नाही.

सरकार नोटा छापून सगळ्यांचं कर्ज का फेडत नाही?

राज्य सरकारला नोटा छापताच येत नाहीत, चलन हा केंद्राचा विषय आणि नोटा रिझर्व्ह बँकेच्या. राज्याचा सगळा महसूल एकत्रित निधीत जातो आणि विधिमंडळाने मंजूर केल्याशिवाय त्यातला पैसा काढता येत नाही, मुख्यमंत्र्यांनाही नाही. मार्चमधल्या अर्थसंकल्पाची ती सगळी धावपळ त्यासाठी असते. खर्च झाल्यावर कॅग, म्हणजे देशाचे महालेखापरीक्षक, तो तपासतात आणि आमदारांची लोकलेखा समिती प्रश्न विचारते. ते अहवाल वाचायला कंटाळवाणे असतात, पण सनसनाटी भाषणांपेक्षा त्यांत जास्त माल सापडतो.

खड्डा पडलाय. कुठे जाऊ?

खड्डा एक, मालक चार. राष्ट्रीय महामार्ग असेल तर केंद्राचा. राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम खात्याचा. गावाला जोडणारा ग्रामीण रस्ता बहुधा जिल्हा परिषदेचा. गावातली गल्ली ग्रामपंचायतीची. पहिलं काम रस्त्याचा मालक शोधणं. चुकीच्या कचेरीत दिलेला अर्ज म्हणजे चुकीच्या गाडीत टाकलेला डबा.

घटनेने विषयांच्या तीन याद्या केल्या आहेत. संरक्षण, रेल्वे, टपाल, चलन केंद्राकडे. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य संस्था राज्याकडे. समवर्ती यादीत दोघांचेही विषय. शिक्षण आणि वनं १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्याच्या यादीतून तिकडे गेली. लोकसभेच्या प्रचारात गटाराची आश्वासनं आणि ग्रामपंचायतीच्या प्रचारात सीमेवरच्या युद्धाच्या गप्पा ऐकल्या की या याद्या फळ्यावर लिहून टांगाव्यात असं वाटतं.

तलाठी आणि ग्रामसेवक एकच ना?

नाही, आणि या एका गैरसमजापायी लोकांचे किती हेलपाटे झाले असतील त्याची गणती नाही.

तलाठी महसूल खात्याचा. त्याच्या वर मंडळ अधिकारी, मग तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी. सातबारा, फेरफार, पिकाची नोंद त्याच्याकडे. ग्रामसेवक जिल्हा परिषदेच्या यंत्रणेतला, त्याच्या वर गटविकास अधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी. घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूची नोंद त्याच्याकडे. दोघांचीही पदनावं आता सरकारने बदलली आहेत, तलाठी झाला ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवक झाला ग्रामपंचायत अधिकारी. नावं लांबली, एवढं खरं. लोक अजून तलाठीच म्हणतात.

सगळ्यात मोठा सापळा 'आठ'चा. 'आठ अ' म्हणजे शेतजमिनीचा खातेउतारा, तो तलाठ्याकडे. 'नमुना आठ' म्हणजे घराच्या कर आकारणीची नोंद, ती ग्रामपंचायतीत. घरकुलासाठी आठ आणायला सांगितलं आणि माणूस आठ अ घेऊन आला, असं आठवड्यातून एकदा तरी होतंच.

आमच्या गावातलं सरकार म्हणजे सरपंच?

सरपंचापेक्षा ग्रामसभा, म्हणजे गावातले सगळे मतदार. वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल ती. ती झाली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे तुम्ही गेला नाहीत तर काम अडत नाही, ते तुमच्याशिवाय उरकतं. ज्यांना उरकायचं असतं त्यांना हे नीट ठाऊक असतं.

ग्रामसभा काय करू शकते ते पाहायचं तर गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखाला जा. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्या गोंड गावाची घोषणा. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. एकाचा विरोध असेल तरी विषय पुढच्या बैठकीवर. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. पण बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना हवा आणि तो द्यायला वनखातं तयार नव्हतं. बांबू हे गवत की झाड, यावर वाद! वनहक्क कायदा त्याला गौण वनोपज म्हणतो, जुना १९२७ चा वन कायदा झाडांत धरत होता. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्राचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. हक्क कागदावर मिळाला आणि पावतीपुस्तक मिळालं, या दोन घटनांमध्ये दोन वर्षं गेली.

सर्वसहमती प्रत्येक गावाला झेपेल असं मला वाटत नाही. जिथे बोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावरून काढतात तिथे 'कुणाचाच विरोध नाही' याचा अर्थ वेगळा होतो.

बहुमत मिळालं की सरकार काहीही करू शकतं ना?

नाही. मंत्री किती करायचे यालासुद्धा मर्यादा आहे. २००३ च्या घटनादुरुस्तीने विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांहून जास्त मंत्री करता येत नाहीत. महाराष्ट्राच्या २८८ आमदारांमागे मुख्यमंत्री धरून ४३. गोव्यात ४० चे १५ टक्के म्हणजे सहाच, पण लहान राज्यांना १२ पर्यंतची मुभा आहे, म्हणून तिथे तीन-साडेतीन आमदारांमागे एक मंत्री निघतो. घटनेच्या मूळ गाभ्याला संसदही हात लावू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात सांगितलं. बहुमत हा कारभाराचा परवाना आहे, सातबारा नव्हे.

मत दिलं. आता पाच वर्षं काय करायचं?

आधी पाच वर्षांनी पुन्हा मत द्यायला मिळेल याची खात्री करा. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. बाकीच्या कित्येक महापालिका आणि जिल्हा परिषदांचंही तेच झालं. घटना म्हणते मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या. या काळात नळाला पाणी येत होतं, म्हणून फारशी ओरड झाली नाही. मला त्या न झालेल्या ओरडीचीच जास्त काळजी वाटली.

'सरकारी काम आणि सहा महिने थांब' असं का?

अर्धं कारण चांगलं आहे. दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकाला आधी माल देऊ शकतो, सरकारला तसं करता येत नाही. प्रत्येक निर्णयाची नोंद, कारण आणि सही लागते, कारण उद्या तिऱ्हाईत येऊन विचारू शकतो की याला का दिलं आणि मला का नाही. त्यात वेळ जातो.

उरलेलं अर्धं कारण म्हणजे टाळाटाळ. एका कचेरीत माझीच फाइल चार महिने हरवली होती आणि सापडली ती त्याच टेबलाच्या खणात. त्यावर दोन औषधं आहेत. माहितीचा अधिकार: १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर, कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. आणि राज्याचा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा: दाखल्यांसारख्या अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत मिळाल्या नाहीत तर अपील, आणि दोषी अधिकाऱ्याला दंड. किती दिवसांत काय द्यायचं त्याची यादी कचेरीत लावलेली असायला हवी. नसेल, तर ती कुठे आहे एवढंच विचारा. पुष्कळदा तेवढ्यानेही काम हलतं.

मुलगा अमेरिकेत आहे. त्याचा इथल्या सरकारवर काही हक्क?

भारतीय पासपोर्ट असेल तर पासपोर्टवरच्या पत्त्यावर मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला केंद्रावर स्वतः यावं लागतं. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर मूळ भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मत नाही. व्हॉट्सॲपवर इथलं सरकार चालवायला मात्र कोणतंच कार्ड लागत नाही, हे आपण रोज पाहतो.

अर्जाच्या वर 'मायबाप सरकार' लिहू का?

एका आजोबांनी हट्ट धरला होता. त्यांच्या वडिलांनी तसंच लिहिलं होतं म्हणे, आणि काम झालं होतं. मी नको म्हटलं. आईबापाकडे मागताना तारीख टाकत नाहीत, पोच मागत नाहीत आणि नाही मिळालं तर अपील करत नाहीत. इथे तिन्ही करायची आहेत.

लिहा: 'प्रति, मा. तहसीलदार', खाली तालुका. विषय एका ओळीत. संदर्भ असेल तर आधीच्या अर्जाचा क्रमांक आणि तारीख. मग तुम्हाला काय हवं ते आणि कोणत्या नियमाखाली. 'कृपा व्हावी' वगैरे एकदा पुरे. दोन प्रती काढा, दुसरीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. बाई म्हणतील साहेब जेवायला गेलेत, नंतर या. शिक्क्याला साहेब लागत नाही. पोच हातात आल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.